जर-तरची पडताळणी

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. तास संपवून मी प्रयोगशाळेकडे आलो, तो अकरावीतील एक विद्यार्थिनी दाराशीच उभी. हातात कागदांची फाईल आणि चेहरा रडवेला. शिष्यवृत्तीचा अर्ज संकेतस्थळावर भरावयाचा होता आणि मुदत संपावयास दोनच दिवस उरले होते. सगळे रकाने भरून झाले होते, कागदपत्रे जोडून झाली होती; पण शेवटचे बटण दाबले की पडद्यावर तांबड्या अक्षरांत एकच वाक्य येई : ‘वसतिगृहप्रमुखांचा दाखला जोडलेला नाही.’

“सर, पण मी वसतिगृहात राहतच नाही,” ती म्हणाली, “मामांकडे राहते. अर्जातही ‘घरी’ असेच निवडले आहे. मग दाखला आणू कोठून?”

प्रश्न बिनतोड होता. मुलगी खरे सांगत होती. अर्जही बरोबर दिसत होता. संगणक तर बिचारा, सांगितलेला नियम पाळण्यापलीकडे काहीच करीत नाही. मग अडले कोठे? त्या दुपारी आम्ही दोघांनी बसून याचा छडा लावला. तो कसा लागला हे पुढे सांगेनच. पण त्यापूर्वी भरलेली माहिती संगणक तपासतो म्हणजे नेमके काय करतो, ते पाहिले पाहिजे. शाळाप्रवेश, परीक्षेचा अर्ज, रेल्वेचे आरक्षण, बँकेचे खाते अशा साऱ्या कामांत आज ही तपासणी आपल्या वाटेत उभी असते. तिचे तर्कशास्त्र नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजण्यासारखे आहे.

एका रकान्याची तपासणी

सर्वांत सोपी तपासणी एकाच रकान्याची. मोबाइल क्रमांकात दहा अंक हवेत. शंभरपैकी गुण ० ते १०० यांच्या दरम्यान हवेत. नावाचा रकाना रिकामा नको. येथे संगणकाला फक्त त्या एका रकान्याकडे पाहावे लागते. शेजारी काय लिहिले आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तपासणीत उत्तीर्ण झालेली माहिती खरी असतेच, असे नाही. ७३ गुणांच्या जागी चुकून ३७ लिहिले, तर संगणक ते मुकाट्याने स्वीकारील, कारण ३७ हीदेखील ० ते १०० मधील संख्या आहे. आम्ही भौतिकशास्त्रात सूत्राच्या दोन्ही बाजूंची मिती ताडून पाहतो, तसाच हा प्रकार. स्थिर स्थितीतून निघालेल्या वस्तूने कापलेले अंतर ‘त्वरण गुणिले काळाचा वर्ग’ असे कोणी लिहिले, तर मितीच्या दृष्टीने सूत्र निर्दोष ठरते. पण त्यात अर्ध्याचा गुणक राहून गेलेला असतो. मितीची तपासणी अशक्य सूत्रे बाजूला काढते, चुकीची सगळीच काढू शकत नाही. पडताळणीचेही तसेच आहे. ती चाळणी आहे, साक्षात्कार नव्हे.

एकाच नोंदीतील दोन रकाने

आता थोडे पुढे जाऊ. जन्मतारीख घ्या. तारीख २९, महिना फेब्रुवारी. हे योग्य की अयोग्य? वर्ष कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. वर्ष २०१२ असेल तर योग्य, २०१३ असेल तर अयोग्य. म्हणजे तारखेच्या रकान्याची योग्यता वर्षाच्या रकान्यावर अवलंबून आहे. तीही नुसत्या ‘चारने भाग जातो’ एवढ्यावर नाही. १९०० ला चारने भाग जातो, तरी ते लीप वर्ष नव्हते. २००० मात्र होते. कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो.

अशा नियमांचे स्वरूप नेहमी सारखेच असते : ‘जर अमुक असेल, तर तमुक असले पाहिजे.’ यालाच सशर्त पडताळणी म्हणतात. ‘जर’नंतर येते ती अट आणि ‘तर’नंतर येते ती अपेक्षा. अट लागू नसेल, तर अपेक्षेबद्दल नियम काहीच बोलत नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण पुष्कळ घोटाळे येथेच होतात.

‘जर पाऊस पडत असेल, तर मी छत्री नेईन,’ असे तुम्ही आईला सांगितले. चार शक्यता संभवतात. पाऊस आहे आणि छत्री नेली : शब्द पाळला. पाऊस आहे आणि छत्री नेली नाही : शब्द मोडला. पाऊस नाही आणि छत्रीही नेली नाही : शब्द पाळला. पाऊस नाही, पण छत्री मात्र नेली : तरीही शब्द मोडला नाही, कारण पाऊस नसताना काय कराल याबद्दल तुम्ही काही कबूलच केले नव्हते! चारांपैकी एकाच प्रसंगी ‘जर-तर’ मोडते. अट खरी आणि अपेक्षा खोटी असेल तेव्हा.

दोन तक्ते आणि त्यांच्यातील नाते

आतापर्यंतचे रकाने एकाच नोंदीत, म्हणजे एकाच ओळीत शेजारी शेजारी होते. पण मोठ्या कामात सगळी माहिती एका ओळीत मावत नाही. एका विद्यार्थ्याने चार परीक्षा दिल्या असतील, दुसऱ्याने एकही नाही. म्हणून माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवतात आणि क्रमांकांच्या साहाय्याने ते तक्ते एकमेकांस जोडतात.

या पद्धतीचा पाया एडगर कॉड या शास्त्रज्ञाने घातला. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला हा गणिती अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होता. १९७० मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला आणि माहितीचे मोठे साठे गणितातील ‘संबंध’ या कल्पनेवर उभे करता येतील, असे दाखवून दिले. या कामाबद्दल १९८१ मध्ये त्याला संगणकशास्त्रातील मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज आपण पाहतो त्या अनेक संकेतस्थळांच्या मागे कॉडच्या कल्पनेवर रचलेला डेटाबेस असतो. तक्त्याचे आज्ञावलीतील जे प्रतिरूप असते, त्याला संगणकवाले ‘मॉडेल’ म्हणतात.

आपल्या गोष्टीपुरते दोन लहान तक्ते करू.

तक्ता क्र. १ : विद्यार्थी
१०१ — निवास : घरी
१०२ — निवास : वसतिगृहात
१०३ — निवास : वसतिगृहात
१०४ — निवास : घरी

तक्ता क्र. २ : वसतिगृह-नोंद
विद्यार्थी १०२ — दाखला : जोडला आहे
विद्यार्थी १०४ — दाखला : जोडलेला नाही
विद्यार्थी १०९ — दाखला : जोडला आहे

दुसऱ्या तक्त्यातील प्रत्येक ओळ पहिल्या तक्त्यातील एका विद्यार्थ्याकडे बोट दाखविते. आता पुढे वाचण्यापूर्वी पेन्सिल घेऊन कोणत्या ओळींत गडबड आहे, ते स्वतः शोधून पाहा.

१०९ ची गडबड चटकन दिसते. पहिल्या तक्त्यात असा विद्यार्थीच नाही! ही नोंद निराधार आहे. असे होऊ नये म्हणून डेटाबेसला आधीच बजावून ठेवता येते : दुसऱ्या तक्त्यात लिहिलेला विद्यार्थी पहिल्या तक्त्यात असलाच पाहिजे. या बंधनाला संदर्भाची अखंडता म्हणतात. ते डेटाबेस स्वतःच सांभाळतो.

१०३ कडे पाहा. तो वसतिगृहात राहतो असे म्हणतो, पण दुसऱ्या तक्त्यात त्याची नोंद नाही. येथे आपला पहिला नियम मोडला.

नियम १ : जर निवास ‘वसतिगृहात’ असेल, तर वसतिगृह-नोंद असली पाहिजे.

या नियमातील अट एका तक्त्यात आहे आणि अपेक्षा दुसऱ्या तक्त्यात. लेखाचा खरा विषय हाच. एका नोंदीची योग्यता ठरविण्यासाठी दुसऱ्या नोंदीची साक्ष काढावी लागते.

आता उरला १०४. हा घरी राहतो, तरी त्याच्या नावे वसतिगृहाची नोंद आहे. गडबड आहे हे उघडच दिसते. पण नियम १ मोडला का? छत्रीचे उदाहरण आठवा. अट लागूच नाही. तेव्हा नियम १ मुळीच मोडलेला नाही. पाऊस नसताना नेलेली ही छत्री आहे! तिला अडवायचे, तर वेगळा नियम लिहावा लागेल.

नियम २ : जर निवास ‘घरी’ असेल, तर वसतिगृह-नोंद असता कामा नये.

नियम १ आणि नियम २ हे एकमेकांचे जोडीदार आहेत, पण एक दुसऱ्यातून निघत नाही. आज्ञावली लिहिणारा पहिला नियम सहसा विसरत नाही, कारण काहीतरी उणे असले की ते डोळ्यांत भरते. दुसरा मात्र हटकून राहून जातो, कारण काहीतरी अधिक असले तर बिघडले कोठे, असे वाटते. बिघडते कसे, ते आपण पाहणारच आहोत.

छडा कसा लागला

मी त्या विद्यार्थिनीला विचारले, “अगदी पहिल्यांदा अर्ज उघडलास, तेव्हा काय निवडले होतेस?”

थोडा विचार करून ती म्हणाली, “तेव्हा ‘वसतिगृहात’ असे निवडले होते, सर. वसतिगृहात जागा मिळेल असे वाटले होते. नाव आणि पत्ताही भरला होता. मग जागा मिळाली नाही, म्हणून आठवड्याने ‘घरी’ केले. तेव्हा तो वसतिगृहाचा चौकोन पडद्यावरून नाहीसा झाला.”

चौकोन नाहीसा झाला; पण त्यात भरलेली नोंद? ती दुसऱ्या तक्त्यात जशीच्या तशी पडून असावी, असा मला संशय आला. पडदा पहिल्या तक्त्याकडे पाहत होता. निवास ‘घरी’ आहे ना, मग वसतिगृहाचा चौकोन दाखवायचे कारण नाही. अर्ज दाखल करताना लागणारा तिसरा नियम मात्र दुसऱ्या तक्त्याकडे पाहत असला पाहिजे.

नियम ३ : जर वसतिगृह-नोंद असेल, तर तिच्यात दाखला जोडलेला असला पाहिजे.

नियम ३ स्वतः चुकीचा नाही. पण तो गृहीत धरतो की नियम १ आणि नियम २ दोन्ही पाळले गेले आहेत आणि जेथे नोंद आहे, तेथे विद्यार्थी खरोखरच वसतिगृहात राहतो. नियम २ लिहिलेलाच नव्हता, म्हणून ते गृहीतक कोसळले. डोळ्यांना न दिसणाऱ्या नोंदीसाठी संगणक दाखला मागत होता!

संशय हा पुरावा नव्हे. तो प्रयोगाने तपासला पाहिजे. मी तिला ‘वसतिगृहात’ हे उत्तर पुन्हा निवडावयास सांगितले. चौकोन परत आला, आणि त्यात तिने आठवड्यापूर्वी भरलेले नाव व पत्ता जसेच्या तसे होते. आम्ही ती नोंद पुसली, बदल जतन केला, मग पुन्हा ‘घरी’ निवडले आणि शेवटचे बटण दाबले. तांबडी अक्षरे आली नाहीत. अर्ज दाखल झाल्याची पोच पडद्यावर आली, तेव्हा त्या मुलीने सोडलेला निःश्वास मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आला.

तिचे काम झाले. पण दाराशी उभे राहून विचारावयास कोणी नसलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाचे काय झाले असते? पुस्तकांचा आणि प्रवासाचा वर्षभराचा खर्च एका न लिहिलेल्या ओळीपायी गेला असता. म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नव्हे.

उत्तर बदलले तर?

या गोष्टीतून मिळणारा पहिला धडा असा : दोन तक्त्यांना जोडणारा नियम दोन्ही बाजूंनी मोडू शकतो, म्हणून तो दोन्ही बाजूंना तपासावा लागतो. वसतिगृहाची नोंद लिहिताना ‘हा विद्यार्थी वसतिगृहात राहतो ना?’ असे विचारणे पुरेसे नाही. पुढे कधी पहिल्या तक्त्यातील निवास बदलला, तर त्या क्षणीही जोडलेल्या नोंदी पुन्हा पाहिल्या पाहिजेत.

मग जुन्या नोंदीचे करायचे काय? आपोआप पुसून टाकावी, असे तुम्ही म्हणाल. पण समजा, बोट चुकून ‘घरी’वर पडले. अर्धा तास खपून भरलेली सारी माहिती एका क्षणात गेली, तर चालेल का? म्हणून शहाणी आज्ञावली विचारते : ‘आपण निवास बदलला आहे. वसतिगृहाची आधीची नोंद काढून टाकावी काय?’ किंवा ती नोंद तात्पुरती बाजूला ठेवते आणि अर्ज दाखल होताना तिचा विचार करीत नाही. दोन्ही मार्ग चालतील. नोंद लपविणे आणि तरीही तिचा जाब विचारणे, हा मार्ग मात्र चालणार नाही.

सूचनेच्या भाषेलाही महत्त्व आहे. ‘दाखला जोडलेला नाही’ या वाक्याने मुलीला नसलेल्या दाखल्याच्या मागे धावायला लावले. ‘आपण घरी राहता असे लिहिले आहे, परंतु वसतिगृहाची जुनी नोंद शिल्लक आहे’ असे वाक्य असते, तर तिला माझ्याकडे यावेच लागले नसते. दोन नोंदींचे भांडण असेल, तर सूचनेने दोघींचीही नावे घ्यावीत.

आधी कोणती नोंद?

आणखी एक गंमतीची अडचण पाहा. नवा विद्यार्थी वसतिगृहात राहणारा आहे. पहिल्या तक्त्यात त्याची ओळ आधी लिहिली, तर त्या क्षणी वसतिगृह-नोंद नसते. नियम १ मोडतो. बरे, वसतिगृह-नोंद आधी लिहावी, तर ती ज्याच्याकडे बोट दाखविते तो विद्यार्थीच अजून तक्त्यात नाही. संदर्भाची अखंडता मोडते. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी ही गत!

यातून सुटका अशी की, दोन्ही नोंदींचे मिळून एकच कार्य मानावयाचे. दोन्ही लिहिल्या जातील, नाहीतर एकही नाही. आणि नियमांचा हिशेब मध्येच न मागता कार्याच्या शेवटी मागावयाचा. अशा अखंड कार्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. बँकेत एका खात्यातून पैसे काढून दुसऱ्यात भरताना हेच करतात. पूर्णपणे स्थितिस्थापक अशा दोन चेंडूंच्या टकरीतही आपण गतिज ऊर्जेचा ताळा टकरीपूर्वी आणि टकरीनंतर मांडतो. चेंडू एकमेकांवर दाबले गेलेले असताना काही ऊर्जा त्यांच्या आकारबदलात अडकलेली असते. त्या क्षणी ताळा मांडला, तर तो जुळणार नाही.

दोघे एकाच वेळी आले तर?

आता समजा, वसतिगृहाच्या एका खोलीत तीन खाटा आहेत आणि दोन भरलेल्या आहेत. नियम सोपा आहे : खोलीतील नोंदी तीनपेक्षा अधिक नसाव्यात. दोन विद्यार्थी दोन वेगळ्या संगणकांवरून एकाच क्षणी ती खोली मागतात. पहिल्याच्या तपासणीत संगणक मोजतो : दोन नोंदी आहेत, जागा आहे. दुसऱ्याच्या तपासणीतही त्याच क्षणी तेच उत्तर येते, कारण पहिल्याची नोंद अजून लिहिली गेलेली नाही. दोघेही उत्तीर्ण! आणि खोलीत तीन खाटांवर चौघे. प्रत्येक तपासणी बरोबर होती, तरी परिणाम चुकला.

एकेरी रेल्वेमार्गावर हीच अडचण फार पूर्वी सोडविली गेली होती. दोन स्थानकांमधील मार्गासाठी टोकन असे. एका वेळी एकच टोकन बाहेर काढता येई आणि ते हाती असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. समोरून दुसरी गाडी येण्याचा संभव अशा रीतीने टळे. डेटाबेसमध्येही तपासणी सुरू करताना त्या खोलीच्या नोंदीला ‘कुलूप’ लावता येते. ज्याच्याकडे किल्ली, त्याने मोजावे आणि लिहावे. तोवर दुसऱ्याने थांबावे.

तपासणी कोठे करावी?

अर्ज भरताना माहिती तीन ठिकाणांहून जाते. पहिले ठिकाण म्हणजे तुमच्या हातातील ब्राउझर, दुसरे संकेतस्थळाचा सर्व्हर आणि तिसरे डेटाबेस. ब्राउझरमधील तपासणी सोयीची असते. चूक झाल्याबरोबर सांगते. पण ब्राउझर वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो आणि जाणता मनुष्य ती तपासणी टाळून माहिती परस्पर सर्व्हरकडे पाठवू शकतो. विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासून पाहावी, हे चांगलेच. पण तेवढ्यावर निकाल लावता येत नाही. म्हणून सर्व्हरने सर्व नियम पुन्हा तपासलेच पाहिजेत.

मग दोन तक्त्यांचे नियम सरळ डेटाबेसलाच का सांगू नयेत? ही कल्पनाही जुनी आहे. डेटाबेसशी बोलण्याची जी एसक्यूएल नावाची भाषा आहे, तिच्या १९९२ च्या प्रमाणित आवृत्तीत अनेक तक्त्यांना एकदम लागू होणारे नियम लिहिण्याची सोय सांगितलेली होती. परंतु कोणत्याही तक्त्यात काहीही बदलले की असा नियम पुन्हा तपासावा लागतो, आणि लाखो नोंदींवर ते काम फार जड होते. त्यामुळे प्रचारातील बहुतेक डेटाबेस प्रणालींनी ही सोय दीर्घकाळ अमलात आणलीच नाही. परिणामी असे नियम बहुधा सर्व्हरवरील आज्ञावलीत लिहिले जातात. २००४ मध्ये पुढे आलेले ‘रुबी ऑन रेल्स’ किंवा २००५ मधील ‘जँगो’ यांसारख्या आज्ञावलीच्या सांगाड्यांत मॉडेलला असे नियम जोडण्याची व्यवस्था असते. पण व्यवस्था असली, तरी नियम २ आठवणीने लिहिण्याचे काम माणसाचेच.

नियम वाढले की तपासावयाच्या शक्यता झपाट्याने वाढतात. होय-नाही अशा उत्तराची एक अट असेल तर दोन शक्यता, दोन अटी असतील तर चार, तीन असतील तर आठ. दहा अटींच्या शक्यता २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४ होतात. म्हणून जाणकार मनुष्य अटींचा गुंता एका लांबलचक वाक्यात कोंबत नाही. प्रत्येक नियम वेगळा, एकाच जागी आणि स्वच्छ शब्दांत लिहितो. पडदा एका अटीकडे पाहतो आणि सर्व्हर दुसरीकडे, असे मग होत नाही.

संख्या बरोबर, नाते चूक

शेवटी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने कधी विसरू नये, असे एक उदाहरण सांगतो. ११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने मंगळाच्या हवामानाच्या अभ्यासासाठी ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सोडले. वाटेत यानावरील छोटी इंजिने अधूनमधून क्षणभर चालवावी लागत. प्रत्येक वेळी यानाला किती आवेग मिळाला, याचे आकडे पृथ्वीवरील एक आज्ञावली तयार करी आणि मार्ग ठरविणारी दुसरी आज्ञावली ते वापरी. आवेग म्हणजे बल गुणिले काळ. दुसऱ्या आज्ञावलीला हे आकडे न्यूटन-सेकंदात हवे होते. पहिली ते पौंड-बल-सेकंदात देत होती. एक पौंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. त्यामुळे प्रत्येक धक्क्याचा परिणाम ४.४५ पटींनी कमी धरला गेला.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापाशी पोहोचले. त्याने पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचे होते. मागाहून केलेल्या गणितानुसार ते सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली आले होते. तेथील वातावरणात ते टिकणे शक्य नव्हते. यानाशी संपर्क तुटला, तो कायमचाच.

सुट्या सुट्या पाहिल्या, तर त्या साऱ्या संख्या निर्दोष होत्या. एकाही रकान्यात अक्षर शिरले नव्हते की कोणता रकाना रिकामा राहिला नव्हता. चुकले होते ते संख्या आणि एकक यांचे नाते. आकडे न्यूटन-सेकंदात द्यावयाचे, असा नियम कागदावर लिहिलेलाही होता. पण देणारा आणि घेणारा यांच्या दरम्यान तो प्रत्यक्ष तपासला गेला नाही. प्रयोगवहीत एकक न लिहिल्याबद्दल आम्ही शिक्षक गुण कापतो, तेव्हा आमच्यावर रागावू नका!

करून पाहा

१. शाळेच्या ग्रंथालयात तीन तक्ते आहेत : विद्यार्थी, पुस्तके आणि देवघेव. नियम असा : ‘जर पुस्तक फक्त संदर्भासाठी असेल, तर ते कोणास घरी दिलेले नसावे.’ अट कोणत्या तक्त्यात आहे आणि अपेक्षा कोणत्या? एखादे पुस्तक घरी दिलेले असतानाच ग्रंथपालांनी ते संदर्भासाठी राखून ठेवले, तर आज्ञावलीने काय करावे?

२. ‘जर वसतिगृहात राहत असेल, तर नोंद असावी’ आणि ‘जर नोंद नसेल, तर वसतिगृहात राहत नसावा’ हे दोन नियम एकच आहेत की वेगळे? चारही शक्यता मांडून ठरवा.

३. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी एका रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याच्या १२ पै होत. १९५० ते १९६० मधील एका दुकानाच्या वह्या संगणकावर भरावयाच्या आहेत. आणे, पै आणि नवे पैसे या रकान्यांसाठी तारखेवर आधारलेले ‘जर-तर’ नियम लिहा. नवी नाणी आल्यावरही जुनी काही काळ चालतच होती, हे लक्षात घ्या.

४. तुमच्या घरातील कोणताही छापील अर्ज घ्या. ‘लागू असल्यास’ हे शब्द त्यात कोठे कोठे आहेत, ते शोधा. त्यातील प्रत्येक जागी एक सशर्त नियम दडलेला आहे. तो पूर्ण वाक्यात लिहा आणि मग त्याचा जोडीदार, म्हणजे नियम २, छापणाऱ्याने लिहिला आहे का, ते पाहा. बहुधा नसेल!